जर्मन बाईंनी पाहिलेलं स्थळ

माझ्या जर्मन भाषेची नगर जिल्ह्याला गरज नाही, हे जिल्ह्याने मला वेळोवेळी नीट समजावून सांगितलेलं आहे. नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात जर्मन यंत्रं आली, त्यांच्याबरोबर विटेएवढी जाड पुस्तकं आली, आणि ती वाचायला कुणीतरी हवं म्हणून साहेबांनी मला पुण्याला पाठवून ती भाषा शिकवली. मलाच का, तर माझ्यामागे घरचा व्याप नव्हता. पुढे ती यंत्रं भंगारात गेली. नवी चिनी आली, त्यांच्या पुस्तकांत नुसती चित्रं होती. डोक्यात शिरलेली जर्मन मात्र भंगारात घालता येईना. कारखान्याने मला सोडलं, जर्मनने सोडलं नाही.

तेव्हापासून नगरच्या सावेडीतल्या दोन खोल्यांत बसून मी कुणाच्या पंपाची, कुणाच्या गिअरबॉक्सची माहितीपत्रकं मराठीत करतो. दिवसाकाठी तोंड उघडायची वेळ येते ती दूधवाल्यापुरती, आणि हल्ली तोही पिशवी कडीला अडकवून जातो. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करायची तर ऐकायला कुणीतरी लागतं.

म्हणून मागच्या थंडीत पुण्याहून एका ओळखीच्याने फोन करून विचारलं, "जर्मन रेडिओच्या एक बाई आहेत, तुमच्याकडे खेड्यांत फिरायचंय, दुभाषा हवाय, जमेल का?" तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो.

बाई साठीच्या उंबरठ्यावर होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, पायात पुरुषी बूट. दिल्लीत राहून भोवतालच्या सगळ्या देशांच्या बातम्या त्या जर्मन रेडिओला पाठवायच्या. आता निवृत्ती जवळ आली होती आणि जाण्यापूर्वी त्यांना तासाभराचा एक शेवटचा कार्यक्रम करायचा होता. विषय होता खेड्यातली लग्न न होणारी मुलं. शेती आहे, घर आहे, मुलगा धड आहे, पण मुलींना नोकरीवाला हवा, पुण्याचा हवा, म्हणून वर्षानुवर्षं बसून राहिलेली. अशा एखाद्या मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी बाईंना निवांत बोलायचं होतं.

त्यांनी मला दोन नियम घालून दिले. समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं, त्याला खोकला आला तर तोही सांगायचा. आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला आपण कोण, कशासाठी आलो, हे आधी स्वच्छ कळलेलं असलं पाहिजे. "ते काम तुमचं," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

देवळाली प्रवरेच्या अलीकडे वस्तीवर राहणाऱ्या एका कुटुंबाचा नंबर मला खत-बियाण्याच्या दुकानदाराने दिला. आदल्या दिवशी मी मुलाच्या वडलांना फोन लावला.

"उद्या सकाळी पाहुणे घेऊन येतोय," मी म्हणालो. "मुलाला भेटायचंय. घर, शेती, गोठा, सगळं बघायचंय. मुलाला कुठं पाठवू नका. त्याच्या आई पण घरी असू द्या."

पलीकडून मग वडील एकदम हळू आवाजात म्हणाले, "कुठले म्हनायचे पाहुने?"

"लांबचे आहेत. पण माणसं चांगली आहेत."

"या की मग. आमी घरीच हाय."

रेडिओ, मुलाखत, जर्मनी, यातला एकही शब्द मी उच्चारला नाही. मुद्दाम नव्हे. मला वाटलं, फोनवर परदेशाचं नाव काढलं की माणसं बिचकतात, समोर बसून सविस्तर सांगू. सगळा जन्म या जिल्ह्यात काढून, जी चार वाक्यं लग्नाच्या मुलाच्या बापाला फोनवर चुकूनही म्हणू नयेत, तीच मी ओळीने म्हटली होती. पूर्वी मुलाकडचे मुलगी बघायला जात. आता दिवस उलटे आलेत, मुलीकडचेच आधी घर आणि शेती बघायला येतात. आणि ते येतात तेव्हा मधला माणूस आदल्या दिवशी असाच फोन करतो.

सकाळी आम्ही पोचलो तर अंगणात सडा पडलेला, रांगोळी काढलेली, गुऱ्हाळावर असतात तशा प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. भावकीतले दोघे-तिघे पांढऱ्या टोप्या घालून आधीच बसले होते. मुलगा नव्या शर्टात उभा होता. शर्टाच्या घड्या खोक्यात होत्या तशाच अंगावर होत्या. मला भरून आलं. म्हटलं, पाहा, पाहुण्यांची कदर अजून खेड्यातच आहे.

मी सगळं आधी सांगून ठेवलंय असं धरून बाईंनी स्पंजची टोपी घातलेला माइक काढला आणि आवाज नीट येतो का हे बघायला रेडिओची माणसं जो प्रश्न विचारतात तो मुलाला विचारला. आज सकाळी काय खाल्लं?

"अजून काय न्हाई," मुलगा म्हणाला.

"तुमी आल्यावर संगट खाऊ म्हनून थांबलाय," आई घाईने म्हणाली.

दारात पाय दुमडून बसलेल्या आत्याबाई, म्हणजे वडलांची थोरली बहीण, म्हणाल्या, "लाजतंय पोरगं. एरवी खानंपिनं चांगलं हाय त्याचं." आणि माइककडे बोट करून शेजारच्या टोपीला म्हणाल्या, "आता समदं रेकॉर्ड करून ठिवत्यात. उद्या लग्नानंतर कुनी शब्द फिरवायला नको."

हे मी ऐकलं. नियमाप्रमाणे बाईंना सांगायलाही तोंड उघडलं. पण तेवढ्यात बाईंनी वय, शिक्षण, शेती विचारायला सुरुवात केली होती आणि वडील पाठ केल्यासारखे उत्तरं देत होते. "अ‍ॅग्री डिप्लोमा. रान समदं बागायती, ऊस हाय, थोडा कांदा. बोरला उन्हाळ्यात बी पानी. आन् व्यसन म्हनाल तर सुपारीचं सुद्धा न्हाई."

मी हे जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी भुवया उंचावल्या. "मी व्यसनाचं विचारलंच नव्हतं. स्वतःहून का सांगताहेत?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात सडा, रांगोळी, शर्टाच्या घड्या आणि माझा कालचा फोन, सगळं एकावर एक येऊन पडलं. ही माणसं आम्हाला मुलीकडचे समजत होती.

आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे सांगून टाकायचं. मी सांगणारच होतो. पण आतून आई पोह्यांच्या बश्या घेऊन आली. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. पहिली बशी तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "भाऊ, लई बरं वाटलं तुमी आलात ते. दोन वर्षं झाली, दारात कुनी गाडी घिऊन आलं न्हवतं." मी पोह्यांचा मोठा घास घेतला. तोंडात घास असताना बोलू नये, हे संस्कार माझ्यावर नेमके त्याच वेळी उफाळून आले.

आत्याबाईंनी मात्र पोहे बाजूला ठेवले. मुलाकडचेही चार प्रश्न विचारतात, ती रीतच आहे. त्यांनी मनाशी हिशेब जमवला होता, तो त्यांनी वडलांना ऐकू जाईल इतक्या हळू सांगितला: पोरगी पुण्याला फॉरेनच्या कंपनीत असणार आणि ही तिची साहेबीण जातीने घर बघायला आलीय. मग त्या बाईंकडे वळल्या.

"तुमचं गाव कोंचं बाई?"

मी बाईंना प्रश्न सांगितला. वाटलं, त्या हसून टाळतील. पण त्यांनी माइक आपल्याच तोंडाशी धरला. मला म्हणाल्या, "मी आयुष्यभर विचारत आले. कुणी उलट विचारलं तर उत्तर द्यायचं, हा माझा नियम." त्यांचा हा तिसरा नियम मला आधी कळला असता तर मी आजारी पडलो असतो.

तर बाईंनी आपलं गाव सांगितलं. एका मोठ्या नदीच्या काठचं, लहान. वडील मालवाहू होडीवर कामाला.

"आन् नोकरीला कशा लागलात?"

पहिली नोकरी रेडिओवरच. रोज सकाळी नदीचं पाणी कुठल्या घाटाला किती चढलं, किती उतरलं, ते वाचून दाखवायचं. होडीवाले ते ऐकून नाव सोडायचे, वडीलही ऐकायचे.

"म्हंजी आपल्या मुळा धरनाचं पानी सांगत्यात तसं," आत्याबाई सगळ्यांना म्हणाल्या. टोप्या हलल्या. बाईंच्या अख्ख्या नोकरीतलं एवढंच काम तिथे सगळ्यांना पटलं.

पुढे आफ्रिकेत बदली. मग रशिया. मग आणखी कुठे कुठे. लढाया पाहिल्या, मंत्र्यांना प्रश्न विचारले, हॉटेलातल्या कपाटात डोकं घालून, वर कोट पांघरून बातम्या वाचल्या, कारण कपाटात आवाज घुमत नाही.

"कपाटात?" वडील म्हणाले.

"कपाटात," मी म्हणालो.

"सरकारी हाय का पन?"

"सरकारी नाही, सरकारीसारखं."

"पेन्शन?"

"आहे."

टोप्यांमध्ये समाधान पसरलं. आत्याबाई ढळल्या नाहीत. "मालक काय करत्यात?"

मी हा प्रश्न जरा मऊ करून सांगितला. बाई म्हणाल्या, होता एक नवरा. पहिल्या बदलीला बरोबर आला, दुसरीला उशिरा आला, तिसरीला आला नाही. मूल नाही. आई-वडील गेले, नदीकाठचं घर विकलं, तेव्हा त्या रशियात होत्या.

"मंग आता रिटायर झाल्यावर ऱ्हानार कुठं?"

मंत्र्यांना घाम फोडणाऱ्या बाईंनी माइक तसाच तोंडाशी धरून मला विचारलं, "यावर इथे काय उत्तर देतात?"

"इथे हा प्रश्न कुणाला पडत नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं. मला तो रोज पडतो.

आत्याबाई म्हणाल्या, "घ्या. जग पालथं घातलं आन् घर एक न्हाई. आन् आमच्या पोराला घर हाय, रान हाय, तर ह्या पोरी म्हन्त्यात, हायेच काय." मग माझ्याकडे नजर वळवून, "आन् तुमच्या मंडळी?"

"माहेरी गेल्यात," मी म्हणालो.

हे उत्तर माझ्या तोंडात बसलेलं आहे. सावेडीत खोली भाड्याने घेताना मी ते पहिल्यांदा दिलं, कारण एकट्या पुरुषाला कुणी खोली देईना. तेव्हापासून माझी बायको माहेरी आहे. मला बायको नाही आणि कधी नव्हती, ही त्यातली किरकोळ अडचण. पण नियम म्हणजे नियम, मला माझंच वाक्य बाईंना जर्मनमध्ये सांगावं लागलं. आदल्याच संध्याकाळी मी त्यांना खरं सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माइक मुलाच्या आईकडे नेला आणि म्हणाल्या, घर दाखवा.

आईने आम्हाला मागच्या बाजूची खोली दाखवली. नवी बांधलेली, फिकट गुलाबी रंगाची. पलंग, कपाट, आरशाचं टेबल. आरशावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यातून आम्ही तिघंही धूसर दिसत होतो.

"इथे कोण राहतं?" बाईंनी विचारलं.

"अजून कुनी न्हाई."

"मग इतकी स्वच्छ कशी?"

"रोज पुसती की. कुनी येनार म्हनून न्हाई. धूळ येती म्हनून." असं म्हणून तिने पदराने पलंगाची कड पुसली. तिथे धूळ नव्हती.

बाईंनी माइक बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांचे डोळे मी पाहिले. रेडिओवाल्याला हवं ते सापडलं की तो असा दिसत असावा. आणि मला कळत होतं, हे आपल्याला मिळालेलं नाही, आपण ते पळवतोय.

मी "जरा पाणी" म्हणून बाहेर सटकलो. मुलगा माझ्यामागे गोठ्यापर्यंत आला. मी घसा साफ केला. "हे बघ, एक सांगायचं होतं..."

"स्थळ न्हाई ना?" तो म्हणाला.

मी गव्हाणीकडे बघत राहिलो.

"माइक बघितला तवाच कळलं, सर. मोबाईलवर बघतो मी असले कार्यक्रम. आमच्यावरच असत्यात." त्याने म्हशीपुढचा कडबा उगाच सारखा केला. "मला काय विचारायचं ते विचारा, मी सांगतो. पन आईला आज नका सांगू. आत्याम्होरं तर नकोच. ती गावभर करंल."

"मग कधी सांगू?"

"चार दिवस जाऊ द्या. मंग फोन करून नकार कळवा. रीतीपरमानं. नकाराची सवय हाय तिला. पन बगायलाच कुनी आलं न्हवतं, आपन उगंच पोहे केले, हे न्हाई सोसायचं."

मी हो म्हणालो. हो म्हणण्याची माझी ख्याती वर आलेलीच आहे. मग उसाच्या कडेला उभा राहून तो बाईंशी बोलला, आडपडदा न ठेवता बोलला. संध्याकाळी मित्रांची पोरं अंगावर खेळतात तेव्हा घरी लवकर निघावंसं वाटतं, असं काहीसं. निघताना आईने बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. टोप्या गाडीपर्यंत आल्या.

राहुरी मागे पडली. मग बाईंना सगळं सांगितलं, फोनपासून गोठ्यापर्यंत. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मांडीवरचा नारळ दुसऱ्या मांडीवर घेतला.

"त्या खोलीतलं वाक्य," त्या म्हणाल्या, "मी इतकी वर्षं काम केलं, असं वाक्य मला फार थोड्या वेळा मिळालं."

"मग वापरा. तिला कुठे कळणार? जर्मनीत."

"मला कळेल." मग म्हणाल्या, "ती माझ्याशी बोललीच नाही. ती मुलीच्या साहेबिणीशी बोलली."

"मी उद्या जाऊन तिला खरं सांगतो, परवानगी आणतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलाने काय सांगितलंय तुम्हाला?"

उद्याचं जाणं तिथेच रद्द झालं. नगर येईपर्यंत त्यांनी एकच गोष्ट विचारली, नारळ फोडतात कसा. दिल्लीच्या घरात त्यांच्याकडे कोयता नव्हता.

कार्यक्रम पुढे लागला, मी तो कॉम्प्युटरवर ऐकला. त्यात मुलगा होता, गोठा होता, ऊस होता. आई नव्हती. गुलाबी खोलीही नव्हती. पण ते पुढचं. त्याआधी मला नकाराचा फोन करायचा होता.

चार दिवस गेले. मी एका पंपाचं पुस्तक हातात घेतलं आणि ते इतकं मन लावून केलं की पंपाला लाज वाटावी. पाचव्या-सहाव्या दिवशी वस्तीवरूनच फोन आला. मी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा आला. फोन टेबलावर थरथरत सरकत होता आणि मी त्याच्याकडे साप बघावा तसा बघत होतो. मला आठवत होता तो मुलगा, उसाच्या कडेला उभा. अखेर मी कारण शोधलं. लग्नाच्या बाजारात सगळ्यात सभ्य कारण देवकाचं, म्हणजे घराण्याने देव मानलेल्या झाडाचं. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर सोयरीक होत नाही. मुलाला नावं ठेवायला नको, मुलीला नको, घराला नको. दोष सगळा झाडाझुडपांचा. मी स्वतःवर खूश झालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर लावला.

आईनेच उचलला.

"ताई, ते आपलं स्थळाचं..." मी म्हणालो. "सगळं पसंत होतं. घर, मुलगा, सगळं. पण देवक आडवं आलं. एकच निघालं."

"व्हय का." ती म्हणाली. "कोंचं म्हनायचं त्यांचं?"

हे मी ठरवलेलंच नव्हतं. मी अनुवादक माणूस, मूळ मजकूर असल्याशिवाय माझं चालत नाही. "तेच," मी म्हणालो. "तुमचंच."

"कळंब का?"

"हो. कळंबच."

मागे कुठेतरी रेडकू ओरडलं. मग ती म्हणाली, "आमचं पंचपल्लव हाय, भाऊ."

मी खुर्चीत सरळ बसलो.

"असू द्या," ती म्हणाली. "मी कळंबच सांगते समद्यांना. देवक आडवं आलं म्हनलं की पोराला कुनी नाव ठिवत न्हाई." आणि मग, "तुमी फोन तरी केला. बाकीचे तर उचलत बी न्हाईत."

"ताई, माझं चुकलं..."

"बाई पोचल्या का घरी?"

बाई त्या वेळी दिल्लीत खोकी बांधत होत्या, आणि खोकी पाठवायची कुठे ते त्यांना अजून ठरवायचं होतं. "पोचल्या," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे कट्ट्यावर ठेवला, बंद करायचा राहून गेला. मला पावलं ऐकू आली, बादलीची कडी वाजली, कुणीतरी कडब्याचं कुट्टीमशिन चालू केलं आणि बंद केलं. मुलाने काहीतरी विचारलं. आई म्हणाली, "नगरचा हुता. देवक आडवं आलं म्हनं." मुलगा म्हणाला, "बरं." मग चहाची भांडी.

मी फोन कानाला धरून बसलो होतो. बंद करायला पाहिजे होता. पण त्या घरात माणसं होती, एकमेकांशी बोलत होती, आणि माझ्या दोन खोल्यांत दुसरा काही आवाज नव्हता. मग कुणीतरी येऊन फोन उचलला, बहुतेक मुलानेच, "हॅलो" म्हणाला, आणि मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.